चवीला सोपे, उच्चाराला अवघड : पोलंडचे पोंच्की

पोलंडची राजधानी वॉर्सा येथे हिवाळ्याच्या उत्तरार्धात एक गुरुवार असा उगवतो की, त्या दिवशी उजाडण्यापूर्वीच मिठाईच्या दुकानांपुढे रांगा लागतात. थंडीने तोंडातून वाफा निघत असतात. तरीही कचेरीत निघालेले नोकरदार, मुलांचे हात धरलेल्या आया, काठी टेकीत आलेले वृद्ध असे सारेच आपल्या पाळीची वाट पाहत निमूटपणे उभे असतात. आत काचेच्या कपाटात ताटे मांडलेली असतात आणि ताटांत मुठीएवढे, तपकिरी, साखरेच्या पाकाने चकाकणारे गोल. घरासाठी, कचेरीतील सहकाऱ्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी म्हणून खोकी भरभरून ते नेले जातात. रांगेतील परदेशी पाहुणा मात्र पाळी येताच गोंधळतो. पदार्थ समोर दिसतो आहे, त्याचा वास येतो आहे, खिशात पैसे आहेत. पण मागावयाचे काय म्हणून? पाटीवरील नाव त्याला वाचता येत नाही. अखेर तो बोटाने दाखवितो आणि दुकानातली बाई हसून ते नाव एकदा सावकाश उच्चारते.

त्या पदार्थाचे नाव एकवचनी ‘पोंचेक’ आणि अनेकवचनी ‘पोंच्की’. आपल्याकडे बेकरीत मिळणाऱ्या डोनटचा हा युरोपीय भाऊबंद. मात्र याला मधोमध भोक नसते आणि पोटात गोड सारण असते. खाण्यास अत्यंत सोपा, उच्चारण्यास मात्र अवघड, अशी त्याची ख्याती आहे. हा उच्चार सोडवू गेले असता पोलंडच्या इतिहासाची काही पाने आपोआप उलगडतात आणि त्यातले एक पान थेट कोल्हापूरजवळ येऊन थांबते.

उपवासापूर्वीचा गुरुवार

कॅथलिक ख्रिस्ती पंथात ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. जुन्या काळी या दिवसांत मांस, चरबी, लोणी, अंडी हे सारे वर्ज्य असे. तेव्हा घरातील साठा उपवास लागण्यापूर्वी संपविणे गृहिणीला भाग पडे. तुपातील, चरबीतील तळणीचे पदार्थ करण्याची प्रथा या गरजेतून रूढ झाली. श्रावण पाळणाऱ्या महाराष्ट्रातील घरांत आषाढ सरता सरता सामिष जेवणाची जी घाई उडते, तिची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

पोलंडमध्ये हा मान उपवासापूर्वीच्या शेवटच्या गुरुवारला मिळाला. त्याला ‘त्वुस्ती च्फार्तेक’ म्हणजे ‘स्निग्ध गुरुवार’ असे म्हणतात. सोमवारपासून मोजता गुरुवार हा चौथा दिवस, म्हणून ‘च्फार्तेक’. आपला ‘चतुर्थ’ आणि हा शब्द एकाच आदिम भाषाकुलातील होत. हा दिवस ईस्टरच्या बरोबर ५२ दिवस आधी येतो. ईस्टरची तारीख चंद्राच्या गणिताने ठरत असल्यामुळे हा गुरुवारही २९ जानेवारी ते ४ मार्च यांच्या दरम्यान मागेपुढे सरकत असतो. २०२५ साली तो २७ फेब्रुवारीला आला होता. गोव्यात ज्या शनिवारी इंत्रुजाची, म्हणजे कार्निव्हलची मिरवणूक निघते, तो शनिवार पोलंडच्या या गुरुवारनंतर दोनच दिवसांनी येतो. दोन्हीकडे पंचांग एकच; एकीकडे नाचगाणे अधिक, दुसरीकडे तळण अधिक.

या दिवशी ज्याने एकही पोंचेक खाल्ला नाही, त्याचे पुढील वर्ष सुखाचे जात नाही, अशी समजूत आहे. त्यामुळे एरवी वजनाची काळजी करणारी मंडळीही त्या दिवशी दैवाशी वैर पत्करीत नाहीत. पोंच्कींच्या जोडीला ‘फावोर्की’ नावाच्या, शंकरपाळ्याच्या जातीच्या पातळ, कुरकुरीत पट्ट्याही तळल्या जातात.

कळी उमलते ती कढईत

‘पोंक’ म्हणजे फुलाची कळी. ‘पोंचेक’ म्हणजे लहानशी कळी. ‘बाल’ वरून ‘बालक’ व्हावे, तशी ही लघुत्वदर्शक घडण आहे. तेलात सोडलेला पिठाचा गोळा फुगून वर येतो, तेव्हा हे नाव किती नेमके आहे याची खात्री पटते.

कृती ऐकावयास साधी. परंतु ती हातखंड्याची आहे. मैद्यात यीस्ट, कोमट दूध, साखर, लोणी आणि भरपूर अंड्यांतील पिवळा बलक घालून पीठ मऊसूत होईपर्यंत मळतात. त्यात चमचा-दोन चमचे कडक मद्यार्क घालण्याची पद्धत आहे. तळताना मद्यार्काची वाफ होते आणि त्यामुळे पीठ फार चरबी पीत नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव सांगितला जातो. पीठ फुगले की गोळे करून ते पुन्हा फुगू देतात आणि मग साधारण १७५ ते १८० अंश सेल्सिअस तापलेल्या चरबीत सोडतात. पूर्वी ही चरबी डुकराची असे. आता अनेक ठिकाणी वनस्पती तेल वापरतात. पीठ उत्तम फुगले असेल, तर गोळा इतका हलका होतो की तो अर्धाच बुडतो. एक बाजू तांबूस झाली की तो उलटतात. मधली पट्टी दोन्ही वेळा तेलाबाहेर राहिल्यामुळे पोंचेकच्या कमरेभोवती फिकट रंगाची कड उमटते. जाणकार गिऱ्हाईक दुकानात प्रथम ही कड पाहतो. ती दिसली की पीठ हलके आहे हे त्याला चाखल्यावाचून कळते.

सारणात सर्वांत मानाचे स्थान गुलाबाच्या पाकळ्यांच्या मुरंब्याला आहे. साखरेत घोटलेल्या या पाकळ्यांची चव मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. तिला गुलकंदाची सख्खी बहीण म्हणता येईल. काही ठिकाणी आटवलेल्या आलुबुखाऱ्याचे सारण भरतात. वरून पिठीसाखर भुरभुरतात किंवा साखरेचा पातळ थर देऊन त्यावर पाकवलेल्या संत्रासालीचे तुकडे पेरतात. वॉर्साच्या ‘नोवी श्फ्यात’ या प्रसिद्ध रस्त्यावर अन्तोनी ब्लिकले यांनी १८६९ साली मिठाईचे दुकान काढले. गुलाबाच्या सारणाच्या पोंच्कींशी या दुकानाचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

हा मऊपणा मात्र आरंभापासून नव्हता. जुन्या काळचे पोंच्की पावाच्या पिठाचे, घट्ट आणि गोडाऐवजी चरबीचे सारण भरलेले असत. अठराव्या शतकातील धर्मगुरू येन्जेय कितोविच यांनी राजा तिसरा ऑगस्टस (१७३३ ते १७६३) याच्या काळातील चालीरीतींचे वर्णन लिहून ठेवले आहे. पूर्वीचा पोंचेक कोणाच्या डोळ्यावर बसला तर डोळा काळानिळा पडावा आणि नवा मात्र दाबला असता स्पंजासारखा पुन्हा फुलून यावा, अशा अर्थाची गंमत ते नोंदवितात. दरबारी आचाऱ्यांनी पाश्चात्त्य पाककलेचा संस्कार करून त्या दगडाची कळी केली, असे म्हणावयास हरकत नाही.

अनुस्वार आणि शेपटी

आता नावाच्या कोड्याकडे वळू. पोलिश भाषा रोमन लिपीत लिहितात. परंतु आपल्या ध्वनींसाठी तिने काही अक्षरांना खुणा जोडल्या आहेत. पोंचेक या शब्दातील दुसरे अक्षर रोमन ‘ए’ असून त्याच्या पायाशी एक बारीक आकडी असते. तिला ‘ओगोनेक’ म्हणजे ‘शेपटुली’ असे गोड नाव आहे. शेपटी लागली की तो स्वर अनुनासिक होतो. त्यातच आणखी एक मेख आहे. दिसण्यात हे अक्षर ‘अ’चे असले, तरी त्याचा उच्चार शतकांच्या ओघात ‘ओ’कडे सरकला. लेखन जुने राहिले, जीभ पुढे गेली. त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने वाचणारा ‘पॅक्झ्की’ म्हणून मोकळा होतो आणि दुकानातली बाई पाहतच राहते.

मराठी वाचकाची स्थिती याहून बरी आहे. आपल्या अनुस्वाराचे टिंब एकच. परंतु ‘पंकज’ म्हणताना ते ‘ङ्’ होते, ‘पंच’ म्हणताना ‘ञ्’ होते, ‘पंत’ म्हणताना ‘न्’ आणि ‘पंप’ म्हणताना ‘म्’. पुढील व्यंजन पाहून टिंब आपला ध्वनी बदलते. व्याकरणात यालाच परसवर्ण म्हणतात. पोलिश शेपटीचा नियम जवळजवळ हाच आहे. ‘पोंक’ या मूळ शब्दात पुढे ‘क’ आहे, म्हणून तेथे ‘ङ्’ ऐकू येतो. ‘पोंचेक’मध्ये पुढे ‘च’ आला की तीच शेपटी ‘न्’ होते. दात या अर्थाच्या ‘झोम्प’ या शब्दात ती ‘म्’ होते. इतकेच काय, ‘संसार’ म्हणताना आपण नकळत ‘संव्सार’ असा जो उच्चार करतो, तसाच प्रकार पोलिश भाषेत ‘स’पूर्वी घडतो. शाळेत परसवर्णाचा नियम पाठ करताना कंटाळलेल्या विद्यार्थ्याला तो कधी वॉर्साच्या मिठाईवाल्याकडे उपयोगी पडेल, हे कोणी सांगितले असते तर त्याचा विश्वास बसला नसता.

‘च’च्या बाबतीतही मराठी माणूस भाग्यवान आहे. ‘चाक’ आणि ‘चिंच’ या शब्दांतील ‘च’ आपण एकाच अक्षराने लिहितो. परंतु वेगळे उच्चारतो. पोलिश भाषेतही हे दोन्ही ध्वनी आहेत आणि त्यांना निराळी अक्षरे आहेत. पोंचेकमधील ‘च’ हा चिंचेतल्या ‘च’च्या जवळचा, जीभ किंचित मागे वळवून म्हणावयाचा. आघात पहिल्या अवयवावर द्यावा आणि ‘ओ’ आखूड ठेवावा, की पोंचेक साधला. देवनागरीत लिहिलेले ‘पोंच्की’ चाकातल्या ‘च’ने वाचले, तर मात्र घोटाळा होईल.

यानंतर वचनांची पायरी येते. एक पोंचेक, दोन पोंच्की, तीन पोंच्की, चार पोंच्की, येथवर ठीक. पाचपासून पुढे मात्र व्याकरण बदलते आणि शब्द ‘पोंच्कुफ’ होतो! पोलिश भाषेत पाचला ‘प्येंच’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘पञ्च’चा दूरचा भाऊ होय. ‘प्येंच पोंच्कुफ’ हे दोन शब्द न अडखळता ज्याला म्हणता आले, त्याला दुकानात बोट दाखविण्याची गरज उरत नाही.

शेपटी गाळली तर काय बिघडते? बरेच बिघडते. शेपटीवाचून तोच शब्द ‘पाच्की’ होतो आणि त्याचा अर्थ टपालाची पुडकी, पार्सले असा होतो. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांच्या काळात हा प्रश्न विशेष जाणवला. साध्या रोमन अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरे बसतात. शेपटीचे एक जरी अक्षर आले, तरी मर्यादा ७० वर येते. देवनागरीतील संदेशालाही हीच ७० ची मर्यादा आहे, हे बँकेचे मराठी संदेश तयार करणाऱ्यांना ठाऊक असेलच. काटकसरीपोटी लोक शेपट्या गाळू लागले. तेव्हा २०१३ साली पोलिश भाषेच्या परिषदेने आपली अक्षरे पूर्ण लिहा असे सांगणारी जनजागृती मोहीम हाती घेतली. तिच्या घोषवाक्यात शेपटीची दोन्ही अक्षरे होती.

अटलांटिकपलीकडची ‘पूंच्की’

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाखो पोलिश कुटुंबे अमेरिकेत गेली. शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट येथे त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. डेट्रॉइटने जवळजवळ चहूबाजूंनी वेढलेल्या हॅमट्रॅमिक या छोट्या शहरात १९१० साली डॉज बंधूंचा मोटारींचा कारखाना सुरू झाला आणि पोलिश कामगारांची तेथे दाट वस्ती झाली. कढई आली, गुलाबाचे सारण आले, सणही आला. मात्र अमेरिकेत तो उपवासाच्या आदल्या दिवशी, मंगळवारी साजरा होऊ लागला. शिकागोतील पोलिश मंडळी गुरुवार आणि मंगळवार दोन्ही पाळतात, ही त्यांची चतुराईच म्हणावयाची.

नावाची शेपटी मात्र प्रवासात गळून पडली. इंग्रजी छापखान्यात ते अक्षरच नव्हते. मग कोणी ‘पंच्की’ म्हणू लागले, कोणी ‘पाँच्की’, तर बहुसंख्य लोक ‘पूंच्की’. मुळातच अनेकवचनी असलेल्या शब्दाला इंग्रजीचा अनेकवचनी प्रत्ययही चिकटला. तेथील बेकऱ्यांना पाट्यांवर उच्चार फोड करून छापावा लागतो.

शुद्ध पोलिश जाणणाऱ्यांना ‘पूंच्की’ ऐकून हसू येते. परंतु हे हसू थोडे आवरावे लागते. डेट्रॉइट परिसरात आरंभी आलेल्या पोलिश लोकांपैकी पुष्कळजण पश्चिम पोलंडच्या पोझ्नान आणि आसपासच्या भागांतील होते. तिकडच्या ग्रामीण बोलींत हा अनुनासिक ‘ओ’ अधिक संकोचून ‘ऊ’कडे झुकतो. म्हणजे नातवाच्या तोंडची ‘पूंच्की’ ही निव्वळ चूक नसून, एखाद्या आजीच्या गावच्या बोलीचा तो उरलासुरला अंश असण्याचा पुरेपूर संभव आहे. घरदार सुटले, लिपीही सुटली. आजीचा स्वर तेवढा त्या एका शब्दात टिकला.

अक्षरासाठी सोसलेले

पोलिश माणूस परक्याचा उच्चार इतक्या आस्थेने का दुरुस्त करतो, याला कारण आहे. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन साम्राज्यांनी पोलंडची अखेरची वाटणी केली आणि १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, हे राष्ट्र नकाशावर नव्हते. त्या काळात राष्ट्राचा पत्ता विचारावयाचा तर तो भाषेतच मिळे. प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्न्या या गावी १९०१ साली शाळकरी मुलांनी धर्मशिक्षणाचा तास जर्मन भाषेत स्वीकारण्यास नकार दिला. प्रार्थना आम्ही आमच्याच भाषेत म्हणू, एवढाच त्यांचा हट्ट होता. मुलांना छड्या बसल्या. निषेध करणाऱ्या पालकांवर खटले होऊन त्यांना तुरुंगवास घडला. ज्या भाषेतील स्वरासाठी मुलांनी तळहातावर वळ सोसले, तिच्यातील एक शेपटी परक्याला किरकोळ वाटली, तरी तेथील माणसाला ती किरकोळ कशी वाटावी?

आपणही पोलिश नावांवर पुष्कळ अन्याय केला आहे. १९८३ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या आणि पुढे १९९० ते १९९५ या काळात राष्ट्राध्यक्ष झालेल्या कामगार नेत्याला मराठी वृत्तपत्रांनी ‘लेक वालेसा’ केले. त्यांचे नाव ‘लेख वावेंसा’ असे आहे. परकीय चलनाच्या तक्त्यात आपण ज्याला ‘झ्लॉटी’ म्हणतो, ते पोलंडचे चलन म्हणजे ‘झ्वॉती’, अर्थ ‘सोन्याचे’. तेथील ‘ल’वर आडवी रेघ असली की तो ‘व’सारखा उच्चारावयाचा असतो.

वळिवड्याचा ‘ळ’

हा अन्याय एकतर्फी नाही, हे सांगावयास कोल्हापूर पुरेसे आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने हजारो कुटुंबांना सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले. सुटकेनंतर त्यांतील अनेकजण इराणमार्गे भारतात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला, तर कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक. तेथे त्यांच्या शाळा चालत, चर्चमध्ये प्रार्थना होत. ज्या अक्षरांसाठी व्झेश्न्याच्या मुलांनी मार खाल्ला, ती अक्षरे पंचगंगेच्या खोऱ्यात गिरवली जात होती.

पोलिश भाषेत ‘ळ’ नाही आणि आपला मूर्धन्य ‘ड’ही नाही. तेव्हा ज्या गावाने आसरा दिला, त्याचे नाव उच्चारताना त्या बायकामुलांची जीभ दोनदा अडखळली असणार. तरीही ते नाव त्यांनी टाकले नाही. वॉर्सा शहरात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. भारताच्या पंतप्रधानांनी २१ ऑगस्ट २०२४ रोजी तेथे आदरांजली वाहिली. ‘ळ’ जमो वा न जमो, नाव जपले गेले.

नाव घेण्याची रीत

मराठीनेही आपल्या लेखनातील टिंबांचा हिशेब एकदा केला आहे. पूर्वी ‘पांच’, ‘कांही’, ‘नांव’ असे लिहीत. उच्चारात नसलेले हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी वगळले आणि ‘नांव’चे ‘नाव’ झाले. आपण ध्वनी गेला म्हणून खूण सोडली. पोलिश लोकांनी ध्वनी राखला आणि खूणही राखली. दोन्ही मार्ग आपापल्या जागी योग्य आहेत. कारण दोन्ही ठिकाणी निर्णय त्या भाषेच्या माणसांनी स्वतः घेतला.

देशभर शाखा असलेल्या बँकेत हा विषय रोजचाच आहे. बदलीवर चेन्नईस गेलेल्या मराठी अधिकाऱ्याला ‘तमिळ’मधला अखेरचा वर्ण साधावयास महिने लागतात, कोलकात्यास ‘लक्ष्मी’ची ‘लोक्खी’ होते, हे पहिल्या दिवशी कळत नाही. ओळखपत्रावर एक अक्षर आणि पासबुकावर दुसरे, एवढ्यावरून एखाद्या वृद्धाचे निवृत्तिवेतन अडू शकते. नावातील एका अक्षराची किंमत बँकेइतकी कोणास ठाऊक असेल? खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाचे नाव पहिल्या खेपेस चुकले, तर त्यात लाज नाही. ‘आपण आपले नाव कसे उच्चारता?’ एवढे विचारले, की समोरचा चेहरा उजळतो, हा अनुभव अनेकांचा आहे.

त्या गुरुवारी वॉर्सात गेलेल्या पाहुण्यानेही हेच करावे. बोट खिशात ठेवावे, चिंचेतला ‘च’ आठवावा, अनुस्वार ‘पंच’मधल्यासारखा घ्यावा आणि धीर करून म्हणावे, ‘प्येंच पोंच्कुफ’. उच्चार थोडा चुकेलही. दुकानातली बाई तो दुरुस्त करील, आणि मग कमरेभोवती फिकट कड असलेले पाच ताजे पोंच्की मोजून खोक्यात घालील.